हॅममध्ये स्पॅम

तक्रार एका ओळीची होती: "हॅममध्ये स्पॅम फार येतंय." मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला या वाक्याचा एकच अर्थ लागतो. आमच्या बोलण्यात स्पॅम म्हणजे नको असलेला मेल आणि हॅम म्हणजे हवा असलेला, खरा मेल. म्हणजे गाळणीतून कचरा सुटतोय. सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ याच अर्थामागे गेला.

सुटलेल्यांपैकी एक मेल घेतला. शांपूची जाहिरात होती. मेलसोबत येणाऱ्या तपशिलाच्या ओळींपैकी (म्हणजे हेडरपैकी) एक्स-स्पॅम-स्टेटसमध्ये गुण 4.0, अडवण्याची मर्यादा 5.0. स्पॅमअसॅसिन, म्हणजे आमची गाळणी, प्रत्येक नियमाचे गुण सुटे लिहितं, म्हणून बेरीज उलगडता येते. बाकीच्या नियमांनी मिळून 5.9 दिले होते, म्हणजे तो अडायलाच हवा होता. पण शेवटी बेझ_00 हा नियम लागला होता आणि त्याचे उणे 1.9. बेझ हा गाळणीचा शब्द मोजून शिकणारा भाग. हा नियम सांगतो की यातले शब्द आजवर जवळजवळ फक्त चांगल्या मेलमध्येच दिसलेत. शांपूच्या जाहिरातीबद्दल गाळणीला असं का वाटावं? कोणीतरी तसं शिकवल्याशिवाय वाटत नाही.

पहिला संशय आपोआप शिकण्यावर जातो. पण मूळ सेटिंगमध्ये 0.1 पेक्षा कमी गुणांचा मेल हॅम म्हणून आणि 12 किंवा जास्त गुणांचा स्पॅम म्हणून शिकला जातो, आणि या हिशेबात बेझचे स्वतःचे गुण धरत नाहीत. 5.9 चा मेल दोन्हींत बसत नाही. हेडरमध्येही 'ऑटोलर्न=नो' स्पष्ट होतं. मग एसए-लर्नला, म्हणजे गाळणीला शिकवणाऱ्या आज्ञेला, 'डंप मॅजिक' दिलं; त्यात शिकलेल्या मेलचे आकडे दिसतात. हे मात्र गाळणी ज्या युझरखाली चालते त्याच युझरने द्यायचं. रूट, म्हणजे सर्वाधिकारी युझर म्हणून दिलं की वेगळाच, रिकामा डेटाबेस समोर येतो आणि माणूस भलत्या निष्कर्षावर जातो. शिकलेल्या हॅमचा आकडा नको तेवढा फुगला होता. आपोआप शिकणं नाही, म्हणजे हे शिकवतेय आमची रात्री चालणारी स्क्रिप्ट.

ही स्क्रिप्ट सगळ्यांच्या मेलबॉक्समध्ये 'हॅम' नावाचा फोल्डर शोधते आणि त्यातलं सगळं चांगलं म्हणून शिकवते. चुकून अडलेला मेल लोकांनी तिथे टाकावा, ही कल्पना. शोध लहान-मोठी लिपी न पाहता चालायचा. तक्रार करणाऱ्यांच्या मेलबॉक्समध्ये मोठ्या लिपीतला हॅम फोल्डर होता आणि तो या कामाचा नव्हताच. ते परवानाधारक हौशी रेडिओ ऑपरेटर. हॅम म्हणजे त्यांचा छंद. तक्रारीचा अर्थ त्यांच्या बाजूने अगदी सरळ होता: माझ्या हॅम फोल्डरमध्ये स्पॅम येतंय.

या शब्दांचा गुंता जुना आहे. स्पॅम हे 1937 साली बाजारात आलेल्या डबाबंद मांसाचं नाव. डुकराच्या खांद्याचं मांस आणि हॅम, म्हणजे मांडीचं खारवलेलं मांस, असा तो ऐवज. 1970 साली माँटी पायथनच्या एका टीव्ही प्रहसनात उपाहारगृहाच्या प्रत्येक पदार्थात स्पॅम असतं आणि त्या नावाच्या गजरापुढे दुसरं काही ऐकू येत नाही. त्यावरूनच ऑनलाइन गप्पा बुडवून टाकणाऱ्या मजकुराला स्पॅम म्हणू लागले. पुढे शब्द मोजून शिकणाऱ्या गाळण्या आल्या, तेव्हा त्याच्या उलट अर्थाला जोडीचा शब्द हवा होता, म्हणून हॅम. पण त्या शब्दाला आधीच बरेच मालक होते: मांडीमागची शीर, म्हणजे हॅमस्ट्रिंग, आक्रस्ताळा अभिनय करणारा नट, तारयंत्रावरचा कच्चा हात, ज्यावरून हौशी रेडिओवाल्यांना ते नाव मिळालं. (ते तीन जणांच्या आडनावांवरून आलं, ही सर्रास सांगितली जाणारी कथा खरी नाही.) बर्मिंगहॅमच्या शेवटचं हॅम तर वस्ती या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आलंय, त्याचा मांसाशी संबंधच नाही.

आमच्या प्रकरणात नेमकं हेच नडलं. त्या फोल्डरवर सीव्हचा, म्हणजे आलेला मेल फोल्डरांत वाटणाऱ्या चाळणीचा, एक नियम होता: विषयात 'हॅम' असेल तर इकडे टाक. सीव्हमधला 'कंटेन्स' पूर्ण शब्द जुळवत नाही, नुसती सलग अक्षरं जुळवतो, आणि लहान-मोठी लिपी पाहत नाही. एच-ए-एम ही तीन अक्षरं शांपूच्या स्पेलिंगमध्ये सलग येतात. चॅम्पियनमध्ये येतात, बर्मिंगहॅममध्ये तर येतातच. नव्या लाटेतले काही स्पॅम सुरुवातीला 3-4 गुणांवरच राहतात, कारण पाठवणाऱ्या सर्व्हरचे पत्ते (आयपी) अजून स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत नसतात. ते या फोल्डरमध्ये पडले, रात्री चांगले म्हणून शिकले गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावंडांना उणे 1.9 ची सूट मिळाली. मग आणखी सुटले. डेटाबेस सगळ्यांचा एकच, त्यामुळे त्रास एका मेलबॉक्सपुरता राहिला नाही.

दुरुस्तीत आधी क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांतली, ती स्क्रिप्ट बंद केली, मग डेटाबेसचा बॅकअप घेतला. चुकीचा शिकलेला मेल एसए-लर्नच्या 'फर्गेट'ने विसरवता येतो, किंवा थेट स्पॅम म्हणून शिकवला तर आधीचा शिक्का आपोआप पुसला जातो. पण त्यासाठी मूळ मेल हातात लागतो. इथे ते रेडिओवाले रोज सकाळी कचरा काढून टाकायचे आणि 30 दिवसांत ट्रॅशही रिकामी व्हायची. डेटाबेसमधून शब्द वेचून काढणंही शक्य नाही, कारण तिथे शब्द नसतात, त्यांचे हॅश, म्हणजे उलटे वाचता न येणारे सांकेतिक ठसे, असतात. म्हणून अर्धवट डागडुजी करण्यापेक्षा 'क्लिअर' देऊन डेटाबेस पूर्ण पुसला आणि हाताने निवडलेले सहाशे स्पॅम, सहाशे हॅम पुन्हा शिकवले. दोन्ही प्रकारचे किमान 200 मेल होईपर्यंत बेझ गप्प राहतं, तोवर भार बाकीच्या नियमांवर आणि काळ्या याद्यांवर. त्यामुळे हे काम एका बैठकीत उरकायला हवं. दोन्हींची संख्या जवळपास सारखी ठेवलेलीही बरी.

स्क्रिप्टच्या फोल्डरचं नाव आता 'स्पॅम-नाही' आहे आणि नाव तंतोतंत जुळलं तरच ती वाचते. हॅम हा आमच्या धंद्यातला शब्द. तो लोकांच्या मेलबॉक्समध्ये टाकायलाच नको होता. सीव्हमधला नियम विषयातल्या शब्दावरून काढून रेडिओ गटाची ओळख सांगणाऱ्या लिस्ट-आयडी हेडरवर नेला.

संध्याकाळी तोच शांपूचा मेल पुन्हा गाळणीतून चालवून पाहिला. बेझ_99, म्हणजे जवळजवळ नक्की स्पॅम, हा नियम लागला, 3.5 गुण, बेरीज 9.4. रेडिओ गटाचा अँटेनाबद्दलचा एक मेलही चालवला. तो मर्यादेच्या खूप खाली राहिला आणि त्यांच्या हॅममध्ये जाऊन पडला.