मागच्या दाराने येणारं गिऱ्हाईक

बार्शीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. बाहेर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी, आत एक खुर्ची, फेशियलचा बेड, वॅक्सचा हीटर आणि भिंतभर आरसा. धाकटा पहिलीत गेला तेव्हा सुरू केलं, आता तो कॉलेजात आहे. एवढ्या वर्षांत अर्ध्या गल्लीचे चेहरे पाठ झालेत. कुणाच्या उजव्या भुवईत लहानपणी पडल्याचा व्रण आहे, कुणाच्या हनुवटीवर बाळंतपणानंतर केस यायला लागले, कोण मेंदीत इंडिगो कालवून केस काळे करते आणि घरी 'नुसती मेंदी आहे' म्हणून सांगते, हे सगळं मला ठाऊक असतं आणि ते माझ्यापाशीच राहतं.

परवा भाची म्हणाली, "मामी, बायकांवरच्या दबावावरच तुझा धंदा चालतो ना गं?" ती पुण्याला शिकते, तिथे असलं बोलायला लगेच येतं. मी म्हटलं, हो, चालतो. त्याच धंद्यावर दोन पोरं शिकली आणि घरावर वरचा मजला चढला. पण तिला वाटतं दबाव म्हणजे नटण्याचा. खुर्चीमागे उभं राहून मला दिसतं ते असं की नटण्याचा आणि न नटण्याचा, दोन्ही हुकूम एकाच घरातून येतात. बऱ्याचदा एकाच तोंडातून.

कोण आपल्या मनाने आलीय आणि कोण पाठवलेली आहे, हे बसल्या बसल्या कळतं. आपल्या मनाने आलेली आधी आरशात बघते. "ताई, या वेळी जरा जाड ठेवा, मागच्या वेळी फार बारीक झाल्या." दोरा फिरताना शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येतं, तरी एका हाताने कपाळ आणि दुसऱ्याने पापणी ओढून धरते आणि मध्येच थांबवून आरसा मागते. पाठवलेली म्हणते, "तुम्हाला बरं दिसेल तसं करा." ती आरशात बघतच नाही.

पाठवलेल्या आता फार लहान यायला लागल्यात. गॅदरिंगच्या आधीच्या आठवड्यात एक आई सातवीतल्या मुलीला घेऊन आली. "अप्परलिपला ब्लीच करा, स्टेजवर लाइटमध्ये दिसतं." मुलीच्या ओठावर जी लव होती ती माझ्याही होती त्या वयात, सगळ्यांचीच असते. मी म्हटलं, या वयात ब्लीच नको, कातडी कोवळी आहे, चुरचुरेल. शिवाय ब्लीचने केस जात नाहीत, नुसते सोनेरी होतात, आणि सावळ्या रंगावर उन्हात जास्तच चमकतात. आई ऐकेना. मुलगी गप्प बसून नखं खात होती. शेवटी मी थोडी पावडर लावून दोऱ्याने दोन-चार केस काढल्यासारखं केलं आणि पैसे घेतले नाहीत. बाहेर पडल्यावर आई तिला म्हणत होती, "बघ, किती छान दिसतेस आता."

हनुवटीच्या केसांची गोष्ट वेगळी. कॉलेजच्या मुली दर आठ-दहा दिवसांनी येतात, ओढणी तोंडाला बांधून. त्यांना मी आधी विचारते, पाळी वेळेवर येते का? नाही म्हणाली की सांगते, माझ्याकडे नंतर ये, आधी बाईंच्या डॉक्टरकडे जा. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी चुकते आणि तोंडावर केस येतात ते, बऱ्याच जणींना असतं, दोऱ्याने ते बरं होत नाही. आणि ज्या मुली रडकुंडीला येऊन विचारतात की एकदा घाईत रेझर फिरवला, आता दाढी येईल का, त्यांना सांगते की येणार नाही. रेझरने केस जाड होत नाहीत, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं. खरं तर हा गैरसमज माझ्या धंद्याला फार सोयीचा आहे, पण असो.

क्रीमचं मात्र मला भय वाटतं. आमच्या लहानपणी घरोघरी एक फेअर अँड लव्हलीची ट्यूब असायची, 1975 पासून ती बाजारात आहे. 2020 मध्ये कंपनीने नावातलं फेअर काढून ग्लो घातलं. तेव्हापासून माझ्याकडच्या आयाही 'गोरी करा' म्हणत नाहीत, 'ग्लो आणा' म्हणतात. ती ट्यूब तरी बिचारी साधी. आता मेडिकलमधून जी आणतात तिच्यात स्टेरॉइड असतं. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळतो की शेजारीण नाव विचारून घेते. मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात गेलं की आग होते, आणि बंद केली की पुरळ उठतं म्हणून पुन्हा तीच लावायची. वर चेहऱ्यावर केस वाढतात, की आल्या माझ्याकडे. एका नव्या सुनेच्या ओठावर वॅक्सची पट्टी ओढली तर केसांबरोबर वरची कातडीच निघून आली. तिने क्रीमचं सांगितलं नव्हतं. तिच्या दृष्टीने ते औषध नव्हतंच, सासूबाईंनी साखरपुड्यानंतर आणून दिलेली भेट होती. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं. चिठ्ठी कोण विचारतंय! 2023 साली तर पेपरात आलं होतं, अकोल्याच्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडन्यांना इजा झाली, आणि मुंबईला केईएममध्ये तपासल्यावर त्यांच्या गोरं करायच्या क्रीममध्ये पारा निघाला. ते कात्रण मी आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलंय. बायका वाचतात, च् च् करतात आणि विचारतात, "पण मग दुसरी कुठली चांगली?"

नवरीचा मेकअप हा आमचा सुगीचा धंदा. तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू होतात. ठरवायला येतात त्यात नवरी कमी बोलते, आत्या-मावश्या जास्त. "दोन शेड उजळ घ्या हं." चेहऱ्याला दोन शेड उजळ लावलं की मानेला लावावं लागतं, मानेला लावलं की पाठीला, मग ब्लाउजच्या बाहीपासून बोटांपर्यंत. अंतरपाटाच्या वेळेपर्यंत घाम येतो, हळदीचा आणि फाउंडेशनचा राडा होतो आणि मनगटावर बांगड्यांखाली खरा रंग दिसायला लागतो. म्हणून मी तिच्या रंगाचंच लावते. गेल्या सीझनला एका नवऱ्या मुलाच्या आत्या स्टेजवरून उतरून सरळ माझ्याकडे आल्या. "मेकअप करायचा राहिलाय का अजून?" नवरी सावळी होती आणि फार सुंदर दिसत होती. आत्यांचा स्वतःचा रंग तिच्यापेक्षा दोन शेड खालीच होता, हे मी बोलले नाही.

साडीच्या दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली येतात त्यांचं गणित तर अजबच. पगार नऊ हजार. महिन्यातून दोनदा भुवया, लिपस्टिक-काजळ रोज, केस बांधलेले, नखं रंगवलेली, सगळं पदरचं. शेठ म्हणतो, गिऱ्हाईक तोंड बघून पायरी चढतं. त्याच गल्ल्यावर बसलेल्या शेठच्या दातांवर माव्याची पुटं आहेत, ते बघूनही गिऱ्हाईक चढतंच की. आमच्या घरातही तेच. आमचे हे महिन्यातून एकदा समोरच्या सलूनमध्ये जातात, दाढी-कटिंग करून वर डोक्याची मालिश करून घेतात आणि तासाभराने मस्त हवा खाऊन आल्यासारखे येतात. कानावरचे केस तसेच. कुणी काही म्हणत नाही. मी एक रविवार भुवया केल्या नाहीत तर सासूबाई म्हणतात, "पार्लरवालीनेच असं राहिलं तर कोण येईल?"

आता ज्या गिऱ्हाइकासाठी हे लिहायला बसले, तिचं सांगते. नाव-गाव काही सांगणार नाही, मी तिला वहिनी म्हणते. चाळिशीची असेल. पूर्वी महिन्याच्या महिन्याला यायची, वटपौर्णिमेच्या आणि गौरींच्या आधी हमखास. आणि तेव्हा ती पाठवलेली असायची! तिच्या सासूबाई स्वतः दारापर्यंत सोडायला येत. "हिला जरा माणसात आण गं, उद्या हळदी-कुंकवाला बायका येणार आहेत, हिचा अवतार बघ." वहिनीला हौस कमीच. बसायची, डोळे मिटून घ्यायची.

मग तिचे मिस्टर वारले, अचानक, हार्ट अटॅकने. वर्ष उलटून गेलं तरी ती आली नाही, आणि मीही बोलावलं नाही, कसं बोलावणार? एकदा भर दुपारी, पार्लर बंद असतं त्या वेळी, मागच्या दाराची कडी वाजली. मी भांडी घासत होते. वहिनी उभी होती, डोक्यावर पदर. म्हणाली, "ताई, फक्त अप्परलिप कर. भुवया नको, लगेच कळतं."

मी तिला पुढच्या खोलीत नेलं, पडदा ओढून घेतला. भुवया वाढून मधोमध जुळल्या होत्या आणि पापणीपर्यंत उतरल्या होत्या. तिने पहिल्यांदा स्वतःहून आरशात बघितलं, बराच वेळ. म्हणाली, तीन महिन्यांपूर्वी मुलाच्या शाळेत पालकसभेला जायचं म्हणून तोंडाला नुसती पावडर लावली होती, तर सासूबाई म्हणाल्या, "आता कुणाला दाखवायचंय?" ज्या बाईने हात धरून आणून बसवलं होतं, तीच. ओठ झाल्यावर मी काही न विचारता भुवईखालचे थोडे केस काढले, अगदी खालचे, आकार तोच ठेवून. ती काही बोलली नाही. पण कपाळ आणि पापणी ओढून धरायला दोन्ही हात वर केले.

कोर्सला आम्हाला त्वचेचे प्रकार शिकवले, फेशियलचे स्ट्रोक शिकवले, आमच्या कामाचा इतिहास काही कुणी शिकवला नाही. तो मला मुलाच्या अभ्यासातून कळला. मुख्यतः ब्राह्मणांत आणि काही वरच्या म्हणवणाऱ्या जातींत नवरा मेला की बाईचं केशवपन करायचे, लहान पोरींचंसुद्धा. आणि 1890 साली मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. पुढाकार नारायण मेघाजी लोखंड्यांचा, ज्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली तेच, सत्यशोधक. मला राहून राहून वाटतं ते त्या न्हाव्यांचं. हातावर पोट असलेली माणसं. यजमान पैसे देणार, डोकं पुढे करायला लावणार, आणि हा म्हणणार, नाही करत. भाषणं आणि अग्रलेख लिहिणारे पुष्कळ होते, पण हत्यार ज्यांच्या हातात होतं त्यांनी ते खाली ठेवलं. आमच्याच धंद्यातली माणसं ती, मला त्यांचा अभिमान वाटतो. माझ्याकडे आली ती बाई मात्र हत्यार चालव म्हणून आली होती, तेही चोरून.

कोल्हापूरकडे शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला की गावात कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. चांगलंच झालं. आमच्याकडे बांगड्या आता कुणी फोडत नाही, हळूच काढून ठेवायला सांगतात. पण भुवयांचा ठराव कोण करणार? फेशियलचा? भावाच्या लग्नात केस मोकळे सोडण्याचा? हे कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून मोडताही येत नाही. नणंद नुसती बघते आणि एवढंच म्हणते, "वहिनी, आज विशेष काही आहे का?"

पुढच्या महिन्यात वहिनी परत आली, तशीच दुपारी. म्हणाली, "आज नीट कर, आधी करायचीस तशा." मी म्हटलं, कळेल. म्हणाली, "कळू दे." मी केल्या. आधी करायचे तशा मात्र नाही केल्या, कारण तशा बारीक कमानी तिच्या सासूबाईंना आवडायच्या. जराशा जाड ठेवल्या, तिला विचारून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सासूबाई, मी त्यांना काकू म्हणते, आल्या. पायरीवरूनच, "तू केल्यास का गं हिच्या भुवया?" खुर्चीत गिऱ्हाईक, बाकावर दोघी बसलेल्या. मी म्हटलं, हो काकू, मीच केल्या. "मला विचारायचंस तरी." मी म्हटलं, भुवया तुमच्या असत्या तर विचारलं असतं. हे जरा जास्तच झालं, मला कळलं, बाकावरची एक फिस्सकन हसली. काकूंचं तोंड पडलं. त्या गेल्या त्या गेल्याच. त्यांची धाकटी सून, दोन नाती, पुतणीचं ठरलेलं लग्नाचं पॅकेज, सगळं चौकातल्या दुसऱ्या पार्लरला गेलं. सीझनला ते जाणवलं, खोटं कशाला बोलू. आमचे हे म्हणाले, तोंड आवरायला काय जात होतं तुझं? काकूंचाही मला पूर्ण राग येत नाही. त्या स्वतः पस्तिशीत विधवा झाल्या, त्यांच्या वेळी तर पार्लर नव्हतंच, आणि त्यांना कुणी मागचं दारही उघडलं नसेल.

वहिनी येते. अजून दुपारीच येते, मागूनच, पण आता पदर खांद्यावर असतो. भुवयांचे 50 रुपये होतात. एकदा मी नको म्हटलं तर तिने ते आरशासमोर ठेवले आणि म्हणाली, "घे. फुकट केलंस तर मला सांगता येत नाही ना, जाड ठेव म्हणून." मी घेतले. पुढच्या वेळी तिला केसांना कलर करायचाय, काळा नको म्हणते, बरगंडी. चोवीस तास आधी कानामागे टेस्ट घ्यायला ये म्हणून सांगितलंय.