तीन दिवसांत नवा माणूस

रविवार, रात्री

भाचा आज लोणावळ्याच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरातून परतला. आल्या आल्या पाया पडला, ढसाढसा रडला आणि लहानपणीच्या कुठल्याशा अबोल्याबद्दल माफी मागितली. (मला तो आठवतही नव्हता.) चहा होईस्तोवर कळलं, पुढच्या बॅचला दोन माणसं आणायची आहेत आणि त्यातली एक मी.

मोबाइल पहिल्याच दिवशी जमा. हॉलचे पडदे ओढलेले, घड्याळ नाही, एसी कडाक्याचा. रात्री एकपर्यंत बसायचं, सकाळी सहाला हजर. माईक घेऊन अनोळखी लोकांपुढे बापाबद्दल बोलायचं. गप्प राहिलं की ‘तू अजून लपवतोयस’. म्हणजे शंका घेणाराच आजारी! सॅन फ्रान्सिस्कोत १९७१ साली वर्नर एरहार्डने ‘एस्ट’ नावाचं असंच शिबिर काढलं, तेव्हापासून हा साचा फारसा बदललेला नाही.

शेवटच्या रात्री निखाऱ्यांवरून चालवलं म्हणे. अंनिसचे कार्यकर्ते हे गावोगाव फुकट करून दाखवतात. कोळसा आणि राख उष्णता सावकाश देतात, पाऊल क्षणभरच टेकतं. झालं.

“पण मी खरंच बदललोय, मावशी.”

खोटं बोलत नाहीये तो. कॉन्वे आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांचा १९८४चा प्रयोग आठवला. अभ्यासतंत्राच्या वर्गाला जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांनी आपण आधी किती कच्चे होतो ते वाढवून सांगितलं, त्यांनीच आधी लिहून दिलं होतं त्याहूनही. गुण मात्र वाढले नव्हते. आज सुधारल्यासारखं वाटावं म्हणून कालचा ‘मी’ काळा रंगवायचा. त्यात फी भरलेली, झोप मोडलेली, चारचौघांत रडून झालेलं. एवढं सोसल्यावर ‘काही खास नव्हतं’ म्हणायला जीभ कशी रेटेल?

हेच सोसणं जिवावरही बेततं. २००९ मध्ये अमेरिकेत सेडोनाजवळ जेम्स आर्थर रे या सेल्फ-हेल्प गुरूच्या शिबिरात माणसं वाफेने तापलेल्या तंबूत बसून राहिली. बाहेर पडणं म्हणजे हार, असं मनावर ठसलेलं. तिघं दगावली. २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली, दोन वर्षांची.

माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच गोष्टीने. भाच्याच्या अँग्झायटीच्या गोळ्या वर्षभर चालू आहेत. शिबिराच्या फॉर्मवर औषधांचा रकाना होता, त्याखाली ‘सर्व जबाबदारी माझी’ आणि सही. आता म्हणतो, गोळ्या म्हणजे कुबड्या. शुक्रवारपासून बंद केल्यात.

वाद घातला नाही. बुधवारची डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. येतो म्हणालाय, पण आधी शिबिराच्या कोचना विचारून.