पडद्यावरचा तपास खरा असतो का?

मी वडोदऱ्यात वकिली करते आणि पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याचे, खटले चालवते. त्यामुळे दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणी ऑनलाइन लैंगिक शोषणावरचा माहितीपट पाहिला की हमखास विचारतात, "तपास खरंच असा होतो का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पडद्यावर असते ते बहुधा खरे असते, पण ते अर्धेच असते. दक्षिण कोरियातल्या प्रकरणावरचा 'सायबर हेल' (2022) पाहा. टेलिग्रामवर मुलींना धमकावून त्यांच्या चित्रफिती विकणाऱ्यांचा माग 2019 मध्ये पत्रकारितेच्या दोन विद्यार्थिनींनी काढला आणि पुढे एका सूत्रधाराला 42 वर्षांची शिक्षा झाली. हा पाठलाग पाहताना अटक झाली की प्रेक्षकाचा जीव भांड्यात पडतो; आमचे काम मात्र तिथून सुरू होते. मोबाइल पंचांसमक्ष सीलबंद झाला का, त्यातल्या मजकुराची हॅश व्हॅल्यू (मजकूर नंतर बदललेला नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) नोंदवली का, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडले का, यांपैकी एक गोष्ट राहिली तरी बचावाचे वकील नेमके तिथेच बोट ठेवतात. पडद्यावर पुसलेले सारे क्षणात परत मिळते, म्हणून घाबरलेले आईवडील लाजेपोटी चॅट आणि समोरच्याचा संपर्क पुसून निर्धास्तपणे माझ्याकडे येतात, आणि ते परत मिळेलच असे नाही, हे सांगताना मला फार जड जाते.

'कॉट इन द नेट' (2020) या चेक माहितीपटाबद्दल मला आदर वाटतो. त्यात सज्ञान अभिनेत्रींनी बारा वर्षांच्या मुली असल्याचे भासवले आणि दहा दिवसांत 2,458 पुरुषांनी त्यांच्याशी संपर्क साधला. प्रश्नाची व्याप्ती कळली, आणि त्यासाठी कोणत्याही खऱ्या मुलीला कॅमेऱ्यापुढे बसवावे लागले नाही. आपल्याकडे पॉक्सोचे कलम 23 पीडित मुलाचे नाव आणि छायाचित्रच नव्हे, तर पत्ता, कुटुंब, शाळा आणि शेजारपरिसर उघड करण्यासही मनाई करते. तरीही चेहरा धूसर करून गल्ली आणि गणवेश दाखवला, तर शेजाऱ्यांना मुलगी ओळखायला वेळ लागत नाही. अशा निष्काळजीपणाचा मला मनापासून राग येतो.

असे काही घरात घडले, तर फोन आहे तसा, काहीही न पुसता पोलिसांकडे न्या. पाठवणाऱ्याच्या खात्याचे नाव आणि वेळ लिहून ठेवा. मुलांच्या शोषणाची सामग्री इतरत्र कुठे दिसली, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्वतःचे नाव न देताही तक्रार करता येते.