शह, चेक आणि राजाचा हिशेब

पुण्यात आपण दिवसातून किती वेळा 'चेक' म्हणतो, हे लंडनला राहायला आल्यावर माझ्या ध्यानात आलं. गॅस बंद केलाय का चेक कर, टायरमधली हवा चेक करून घे, मेसेज चेक केलास का. लक्ष्मी रोडवर चेक्सचा शर्ट, पीएमपीत तिकीट चेकर, लोहगाव विमानतळावर चेक-इन, नव्या नोकरीत पगारासाठी कॅन्सल्ड चेक. 'क्रॉस चेक' तर दोन प्रकारचा. बँकेत तो कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारलेला कागद, ऑफिसात तो एकदा बघितलेलं पुन्हा बघणं. आणि हे सगळं इतकं मराठी झालं आहे की 'तपासून बघ' म्हटलं तर समोरच्याला आपण शाळेतले गुरुजी वाटतो.

इथे इंग्लंडात पैशाच्या चेकचं स्पेलिंग वेगळं आणि तपासायच्या चेकचं वेगळं. अमेरिकेत दोन्ही एकच, शिवाय तिथे हॉटेलातलं बिलही चेकच. देवनागरीत आपण सगळे चेक सारखेच लिहितो, आणि गंमत अशी की या बाबतीत देवनागरीच इतिहासाच्या जास्त जवळ आहे. कारण हे सगळे चेक मुळात एकच. शर्टावरचासुद्धा, त्या चौकड्या बुद्धिबळाच्या पटावरच्याच.

गेल्या हिवाळ्यात पुण्याला आले होते, तेव्हा दुपारी गॅलरीत काका आणि माझा भाचा बुद्धिबळ खेळत होते. काका बँकेतून निवृत्त झालेले, भाचा नुकताच क्लासला जायला लागलेला. त्याने घोडा उचलून ठेवला आणि ओरडला, "आजोबा, चेक!" काका म्हणाले, "शह म्हणावं. आपल्याकडे शह म्हणतात." भाच्याला ते पटेना, क्लासमध्ये सर चेकच म्हणतात. मी मध्ये पडले आणि सांगितलं की दोघंही एकच शब्द म्हणताय. कुणाचाच विश्वास बसला नाही, म्हणून मग चहा होईपर्यंत सगळी वंशावळ सांगावी लागली. ती इथे सविस्तर लिहिते आहे.

फारसीत शाह म्हणजे राजा. बुद्धिबळ हिंदुस्थानातून इराणात गेलं, चतुरंगाचं चतरंग झालं, अरबांनी त्याचं शतरंज केलं. समोरच्याच्या राजावर चाल आली की खेळाडूने 'शाह!' म्हणून सावध करायचं, म्हणजे राजा सांभाळ. अरबांबरोबर खेळ युरोपात पोचला, हा शब्द लॅटिनमध्ये आणि तिथून जुन्या फ्रेंचमध्ये शिरला, तिथे त्याचा उच्चार 'एशेक'सारखा झाला, आणि इंग्लंडात उतरताना पुढचा 'ए' गळून चेक उरला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून 'चेस' हे खेळाचं नाव आलं. मराठीत तो सरळ फारसीतून आला आणि 'शह' झाला. एक भाऊ पश्चिमेला गेला, एक दख्खनला आला, आणि आमच्या गॅलरीत समोरासमोर बसले.

इंग्रजीत पुढे काय झालं तेही समजण्यासारखं आहे. शह बसला की राजाला हवं तसं हलता येत नाही, तो अडतो. म्हणून चेक म्हणजे अडवणं, रोखणं. रोखण्यातून आवर घालणं, अंकुश ठेवणं. अंकुश ठेवायचा तर नजर ठेवावी लागते, म्हणून चेक म्हणजे तपासणं. आपल्या शहानेही थोडा असाच प्रवास केला. राजकारणातल्या बातम्यांत शह-काटशह रोज असतो, त्यात पट नाही की सोंगट्या नाहीत. फक्त आपला शह डावपेचातच राहिला, तपासणीपर्यंत गेला नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हा आहे. बुद्धिबळाच्या पटाला लॅटिनमध्ये म्हणत 'स्काकारियम', फ्रेंचमध्ये त्याचं 'एशेकिए' झालं आणि इंग्रजीत 'एक्सचेकर'. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवला जातो. म्हणजे शब्दशः पटाचा मंत्री. (पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचे जावई ऋषी सुनक पंतप्रधान होण्याआधी, २०२० ते २०२२, याच पदावर होते.)

पट कुठून आला? बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल ज्या टेबलावर मोजत, त्यावर रेघांचं कापड अंथरत. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या उत्तरार्धात या कारभाराचं वर्णन लिहून ठेवलं आहे, गुरू-शिष्याच्या संवादात. टेबल साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद, भोवती चार बोटं उंचीची कड, वर काळं कापड आणि त्यावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा. रकान्यांत मोजणीच्या चकत्या ठेवायच्या: पेनीचा रकाना, शिलिंगचा, पौंडाचा, मग विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून ही सोय. शिवाय ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्यालाही समोर काय मांडलंय ते डोळ्यांनी दिसायचं. शेरीफ म्हणजे परगण्याचा वसुली अधिकारी वर्षातून दोनदा या टेबलापुढे बसे आणि एकेक रक्कम झडती घेऊन मोजली जाई. शिष्य विचारतो, याला पट का म्हणतात? गुरू सांगतो, पटावर जशी दोन राजांत लढाई होते, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते.

मला हे वाक्य वाचल्यापासून चेक हा शब्द फार जवळचा वाटतो. ज्या शब्दाचा अर्थ नुसता 'राजा' होता, त्याचा अर्थ 'राजाला अडव' झाला, आणि मग 'हिशेब दाखव' झाला. आपण गॅसचं बटण बघायला तो सहज वापरतो, पण त्याच्या पोटात सत्तेला जाब विचारण्याची गोष्ट आहे. राज्यघटनेच्या चर्चेत संसद, सरकार आणि न्यायालय यांनी एकमेकांवर ठेवायच्या अंकुशाला इंग्रजीत हाच शब्द लावतात, तो उगाच नाही.

ते रेघांचं कापड अजून पूर्ण गेलेलं नाही. लंडनच्या उच्च न्यायालयात शरद ऋतूत एक जुना विधी होतो, जमिनीच्या नाममात्र खंडाचा. लंडन शहराच्या वतीने एका जुन्या लोहारशाळेच्या जागेपोटी सहा घोड्यांचे नाल आणि एकसष्ट खिळे मोजून द्यायचे, शिवाय श्रॉपशरमधल्या एका जमिनीसाठी एक बोथट सुरी आणि एक धारदार हत्यार. याची नोंद १२११ पर्यंत मागे जाते. टेबलावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड असतं. खिळे मोठ्याने मोजतात आणि सगळे गंभीरपणे ऐकतात. मला तर ते फार आवडलं.

कागदी चेक या कुटुंबात जरा उशिरा आला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणत ते हुंडीच्या किंवा पावतीच्या मागे ठेवलेल्या अर्ध्या भागाला. गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक आठवा. पावती फाडून आपल्याला देतात आणि स्थळप्रत पुस्तकात राहते, उद्या कुणी रक्कम बदलली तर ताडून बघायला. ती स्थळप्रत म्हणजे मूळचा चेक, कारण ती लबाडीला शह देते. पुढे नाव त्या अर्ध्यावरून फाडून द्यायच्या कागदावर सरकलं. एक्सचेकरच्या सावलीत ब्रिटिशांनी स्पेलिंग बदललं, अमेरिकेने जुनंच ठेवलं.

त्याआधी खजिन्यात याच कामाला हेझल झाडाची काठी वापरत. रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या, हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची, शंभराला अंगठ्याएवढी, आणि काठी उभी चिरून एक भाग देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. दोन्ही जुळल्या तर व्यवहार खरा. ही पद्धत १८२६ साली संपली. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत जवळजवळ सगळं संसद भवन भस्मसात झालं. थेम्सकाठी दिसणारं आजचं भवन त्यानंतरचं.

काकांना हे सगळं पटलं, पण त्यांना खरा रस घरच्या बाजूत होता. म्हणून तीही बाजू सांगते. 'रोगावर मात केली' मधली मात म्हणजे शहमातमधलीच, आणि इंग्रजी 'चेकमेट'मधला 'मेट'ही तीच. राजा असहाय झाला, असा त्याचा अर्थ. शाह हा शब्द आणखी मागे नेला तर प्राचीन इराणचा सम्राट दारियस याच्या शिलालेखातल्या जुन्या फारसीत 'क्षायथिय' असा भेटतो, आणि त्याचं नातं संस्कृत 'क्षत्र'शी आहे, म्हणजे सत्ता. त्याच कुळातला 'क्षत्रप'. पुण्याहून जुन्नरला गेलात तर मानमोडीच्या लेण्यांत महाक्षत्रप नहपानाच्या अमात्याचा लेख आहे, तिथे तो दगडावर कोरलेला सापडेल. फारसी 'शहर' हाही त्याच घरातला, मूळ अर्थ राज्य. म्हणजे 'पुणे शहर' म्हणतानाही आपण या घराण्यातलाच एक शब्द उच्चारतो. आदिलशाही, निजामशाही, लोकशाही, सगळ्यांच्या शेवटी शाह बसलेला. पुण्याची जहागीर ज्यांच्याकडे होती त्या शहाजीराजांचं नाव नगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवलं, अशी हकीकत बखरींतून येते. छत्रपतीमधलं छत्र मात्र वेगळं, ते डोक्यावर धरायचं छत्रच, त्याची यात गल्लत करू नये.

इथल्या लोकांना हा पूर्वेचा धागा माहीत नव्हता असं नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे संपादक जेम्स मरे यांच्या मुलाने, एच. जे. आर. मरे यांनी, १९१३ साली बुद्धिबळाचा प्रचंड इतिहास लिहिला आणि खेळाचं मूळ हिंदुस्थानात दाखवलं. बाप शब्दांची मुळं शोधतोय आणि मुलगा पटाची. पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या प्रत्येक शब्दाचा इतिहास मांडणारा कोश १९४८ पासून याच चिकाटीने चालू आहे. आपल्या शहरात हे काम होतंय, याचा मला परदेशात राहून जास्तच अभिमान वाटतो. आणि २००३ साली ब्रिटिश बुद्धिबळ अजिंक्यपद पुण्याच्या अभिजित कुंटे यांनी जिंकलं, हेही इथल्या मित्रांना मी आवर्जून सांगते.

कागदी चेकचे दिवस दोन्हीकडे भरत आलेत. ब्रिटनमध्ये २००९ साली जाहीर झालं होतं की २०१८ पर्यंत चेक बंद करायचे. वयस्कर माणसांनी आणि धर्मादाय संस्थांनी इतका विरोध केला की २०११ मध्ये तो बेत रद्द करावा लागला. काकांना ही बातमी फार आवडली. ते अजूनही सोसायटीचा मेंटेनन्स चेकनेच देतात, मागच्या स्थळप्रतीवर तारीख, रक्कम आणि कारण लिहून.

भाच्याचा शेवटचा प्रश्न होता चेक प्रजासत्ताकाचा. चाकणला ज्या स्कोडाच्या गाड्या बनतात ती कंपनी तिथली, मग तो चेकही यातलाच का? नाही. त्या देशाचं नाव, त्यांच्या दंतकथेप्रमाणे, चेक नावाच्या आदिपुरुषावरून पडलं. उच्चार जुळला, एवढंच.