मोकळी झाले, असं सगळे म्हणाले

"मोकळी झाली एकदाची!" आत्या फोनवर कुणाला तरी सांगत होती. मी अर्धवट शुद्धीत, घसा कोरडा, पोटाखाली काहीच जाणवत नव्हतं. आमच्या सावंतवाडीकडे बाळंत झालेल्या बाईला असंच म्हणतात, सुटली, मोकळी झाली. त्या दिवसापासून पुढचे साडेतीन महिने मी या एका शब्दाशी भांडत होते. बाळ पोटातून बाहेर आलं होतं, पण मी मात्र त्या खोलीतून बाहेर आलेच नव्हते.

जूनमधली पहाट होती, बाहेर पाऊस कोसळत होता. चौदा तास कळा सोसल्यावर अचानक धावपळ सुरू झाली. कुणीतरी माझ्या कानातले काढले, कुणीतरी सहीसाठी कागद पुढे केला. मी "काय झालं?" विचारलं तर उत्तर आलं, "बोलू नको, श्वास घे." नवरा दाराबाहेर. नाकावर मास्क आला आणि त्यानंतरचं माझ्याकडे काहीच नाही. बाळाला निरीक्षणाखाली ठेवलं होतं, त्यामुळे मी माझ्या मुलीला पहिल्यांदा पाहिलं ते नऊ तासांनी, नवऱ्याच्या मोबाइलवर. फोटो बघून मनात आलं, ही कुणाची? हे वाक्य मी कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही.

गोव्यात फोंड्याला सासरी आल्यावर सगळं रीतसर झालं. शेक, तेल, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. सासूबाईंनी मायेने केलं, ते मी कधी विसरणार नाही. पण स्वयंपाकघरात स्टीलचं ताट पडलं की माझे हात गार पडायचे, कारण त्या खोलीतही शेवटचा आवाज ट्रे पडल्याचाच होता. बाळ झोपलं तरी मला झोप नाही. डोळे मिटले की छताचे दिवे सरकायला लागायचे. कुणाला सांगायला जावं तर ठरलेलं उत्तर यायचं, "पळे, भुरगें बरें आसा न्हय?" बाळ बरंच होतं. मी गप्प बसायचे.

लस द्यायला गेले असताना ओळीतल्या एका बाईने माझ्याकडे बघून विचारलं, "झोपतेस का गो?" तिनेच मला फोंड्याजवळच्या कवळे गावातल्या एका घराचा पत्ता दिला. प्रसूती कक्षात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या एक सिस्टर तिथं राहतात. दर बुधवारी दुपारी चारला त्यांच्या राजांगणात, म्हणजे घराच्या आतल्या चौकात, चटया पडतात, सहा-सात आया बाळं घेऊन येतात. बाळ रडलं तर रडू द्यायचं, पाजायचं तर पाजायचं. बोलणं बहुतेक कोकणीतून, माझं मालवणी वळणाचं. सिस्टरांचा नियम एकच, कुणाचं ऐकताना 'निदान' हा शब्द उच्चारायचा नाही. निदान बाळ तरी सुखरूप आहे, निदान तुझं लवकर झालं, निदान मुलगा तरी झाला. पहिल्याच दिवशी हे ऐकलं आणि मी रडायला लागले. हाच शब्द डॉक्टर आजार ओळखण्यासाठी वापरतात. ते निदान आमच्यातल्या कितीतरी जणींचं कुणी केलंच नव्हतं.

आणि हे फक्त आमच्या चटईवरचं दुःख नाही. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात 270 गरोदर बायांची नोंद करून केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के आयांमध्ये नैराश्य दिसलं होतं. पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी झाली म्हणून नाराज घर, ही त्यामागची कारणं. 1996 मध्ये गोव्यातच सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेने पुढे त्याच परिसरातल्या आयांना शिकवून 'सखी' म्हणून नैराश्य असलेल्या गरोदर बायांकडे पाठवलं. म्हणजे बाईने बाईजवळ बसण्यालाही औषधासारखी किंमत आहे, हे आपल्याच मातीत तपासून झालंय. मग सव्वा महिन्यात तेल, शेक, लाडू यांच्यासोबत "तिथं काय झालं ते सांग" एवढं कुणी का विचारत नाही?

सिस्टर सगळं ऐकून घेतात, पण डॉक्टरांची जागा घेत नाहीत. पहिले दोन आठवडे उगाच रडू येणं बहुतेकींच्या बाबतीत घडतं, हे त्या समजावतात. पण ते दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं, बाळाला किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली, तर मानसोपचार डॉक्टरकडे जायलाच हवं. आमच्यातल्या एकीला त्या स्वतः गाडीत बसवून घेऊन गेल्या. रात्री-अपरात्री 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर लावायचा, तोही त्यांनी आम्हा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिलाय.

माझी पाळी आली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, पहिल्या कळेपासून क्रमाने सांग. मी सांगत गेले आणि मास्कपाशी येऊन थांबले. पुढे भोकच होतं. "फाइल मागितलीस का?" त्यांनी विचारलं. मागता येते हेच मला ठाऊक नव्हतं. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर 72 तासांच्या आत कागद द्यावे लागतात. नवऱ्याने अर्ज केला, झेरॉक्स आल्या. पुढच्या बुधवारी सिस्टरांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. पोटातल्या बाळाचे ठोके साधारण मिनिटाला 110 ते 160 असायला हवेत, माझ्या मुलीचे 70 वर आले होते. पहाटे 4.10 ला सिझरचा निर्णय, 4.32 ला बाळाचा जन्म. बावीस मिनिटं. "हातघाईची वेळ होती गो," त्या म्हणाल्या, "धावले नसते तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

त्या बावीस मिनिटांनी माझा राग निम्मा उतरवला. उरलेला निम्मा मी जपून ठेवलाय, कारण तो खरा आहे. माझ्या मुलीचा जीव त्या माणसांनी वाचवला, हे ऋण मी जन्मभर मानेन. पण "बाळाचे ठोके कमी झालेत, तुला झोपवून ऑपरेशन करतोय" हे सांगायला दहा सेकंद लागतात. ती दहा सेकंदं मला मिळायला हवी होती. सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ सोबतीला बाईमाणूस राहू द्यावं, असं केंद्र सरकारने 2016 सालीच सांगितलंय. माझा हात धरायला कुणी असतं तर मास्क लागतानाची ती भीती एवढी खोल गेली नसती, असं मला अजून वाटतं. कवळ्याच्या त्या राजांगणात ऋण आणि राग दोन्ही शेजारी शेजारी ठेवता आले, कुणी त्यातलं एक उचलून फेकायला सांगितलं नाही.

ताट पडलं की अजूनही दचकायला होतं. पण हात गार पडत नाहीत. आणि मुलीच्या केसांत नाक खुपसून झोपायला मी शिकलेय.

गेल्या बुधवारी एक नवी मुलगी आली, वीस-बावीस दिवसांचं बाळ घेऊन. बसल्या बसल्या म्हणाली, "माझं काय सांगणार, माझं तर नॉर्मलच झालं." कुणी काही बोललं नाही. तुळशीपाशी ऊन उतरलं, बाहेर पोदेराचा भोंपू वाजला, एकेक जण पाव घ्यायला उठली. ती बाळाला थोपटत तशीच बसून होती. मी दोन पाव घेतले, परत आले आणि तिच्या शेजारी चटईवर बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "टाके घालताना भूल दिलीच नव्हती."

"पहिल्या कळेपासून सांग," मी म्हटलं.