कवटीवाल्या पतंगाची अळी आणि घूस: मातीखालच्या कामाची नोंद

तिळावरच्या, कवटीवाल्या पतंगाच्या (अकेरॉन्शिया स्टिक्स, पाठीवर कवटीसारखी खूण असते) तीन अळ्या कोष करायला मातीत जायच्या बेतात आल्या आहेत. त्यांना माती कशी हवी हे समजायला बांधावरचं घुशीचं बीळ उपयोगी पडतं, फक्त ते उलटं वाचायचं.

घूस माती उकरून बाहेर लोटते, म्हणून बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत ढीग दिसतो. अळीला ते जमत नाही. ती डोक्याने आत शिरते आणि जागच्या जागी अंग वळवत राहते. माती चहूकडून दाबली जाऊन कोंबडीच्या अंड्याएवढी पोकळी होते, तिला ना दार ना बोगदा. म्हणजे माती दाबली जावी आणि दाबल्यावर ढासळू नये.

मिश्रण: चाळलेली माती २ भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १ भाग, थर १५ सेंमी. मुठीत दाबून गोळा झाला पाहिजे, पाणी निथळता कामा नये. एका कुंडीत एकच अळी. दुसरी शिरताना पहिलीची पोकळी मोडते.

दिवस १: रंग मळकट, लेंड्या पातळ, खाणं बंद. तोंडातला ओलावा अंगाला चोपडणं सुरू झालं की अळी कुंडीत सोडायची. दोन अळ्या संध्याकाळपर्यंत खाली गेल्या. तिसरीला मुद्दाम कोरडी वाळू दिली.

दिवस २: तिसरी अजून वरच फिरते आहे. वाळूत पोकळीची भिंत टिकत नाही. तिला मिश्रणात हलवली, तासाभरात गडप.

दिवस १२: उकरायचं नाही. ताजा कोष मऊ असतो, बोट लागलं तरी चेपतो. वरचा थर सुकला तर कडेने थोडं पाणी. जास्त झालं की बुरशी.

दिवस १८: कुंडीत खडबडीत काठी उभी केली, वर जाळी. पंख पसरायला पतंगाला लटकावं लागतं, गुळगुळीत प्लॅस्टिकवर तो घसरतो आणि पंख चुरगळलेलेच राहतात.

दिवस २२: रात्री दोन पतंग बाहेर आले. हात लावला की चीं चीं करतात, घशातून हवा ढकलून. (घुशीशी साम्य शोधायचंच तर ते इथे.)

दिवस ३०: तिसऱ्या कुंडीत कोष पोकळ, शेजारी परजीवी माशीची (जिची पिल्लं अळीला आतून खाऊन वाढतात) तपकिरी कवचं. वाळूचा यात दोष नाही. माशीची लागण शेतातच झालेली असते, म्हणून पुढच्या वेळी अळ्या लहान असतानाच जाळीत घ्यायच्या.