तुम्ही विचारलंत म्हणून: गे मीडियावर कितपत विश्वास ठेवायचा?

हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. कधी नुकतंच घरी सांगून मोकळ्या झालेल्या पोराकडून, कधी त्याच्या आईकडून, कधी पत्रकारिता करणाऱ्या मैत्रिणीकडून. गे आणि लेस्बियन लोकांनी स्वतःच चालवलेले पेपर, मासिकं, वेबसाइट्स, यांच्या बातम्या खऱ्या धरायच्या का, की तो आपलाच आपल्या लोकांसाठीचा प्रचार असतो? मी स्वतः गे आहे, हे सगळं वर्षानुवर्षं वाचत आलोय, त्यामुळे मला या मीडियाबद्दल माया आहे हे आधीच सांगून टाकतो, आणि माया आहे म्हणूनच नुसतं हो किंवा नाही म्हणून सुटका करून घेता येत नाही.

मला विचाराल तर कम्युनिटीच्या पेपरची परीक्षा एकाच ठिकाणी होते. आपल्याच वाचकांना, आपल्याच जाहिरातदारांना, आपल्याच नेत्यांना झोंबेल अशी बातमी तो छापतो का, आणि छापायच्या आधी ती नीट तपासतो का. बाहेरच्यांना झोडपायला फार काही लागत नाही, त्यावर वाचक खूशच होतात.

आता हे पेपर मुळात निघाले का हे विसरून चालत नाही. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एक सेक्रेटरी, जिला पुढे लोक लिसा बेन या नावाने ओळखायला लागले, ऑफिसच्या टाइपरायटरवर कार्बन लावून लेस्बियन बायकांसाठी 'व्हाइस व्हर्सा' काढायची, मोजक्याच प्रती, हातोहात फिरायच्या. 'वन' या गे मासिकाचा ऑक्टोबर १९५४ चा अंक पोस्टाने अश्लील म्हणून अडवला आणि तो पोस्टाने पाठवायचा हक्क जानेवारी १९५८ मध्ये थेट सुप्रीम कोर्टातून मिळवावा लागला. १९६९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल या गे बारवर पोलिसांची धाड पडली, दंगल झाली, तर न्यूयॉर्क डेली न्यूजने ६ जुलैला तिची जी बातमी दिली तिचा मथळाच टिंगल करणारा होता. आपल्याबद्दल असं लिहिलं जातंय म्हटल्यावर माणूस स्वतःचा पेपर काढणारच, आणि तो काढताना त्याच्या मनात राग असणार, आपल्या माणसांना सांभाळून घ्यायची इच्छा असणार. ती इच्छा चांगलीच आहे पण खरी अडचणही तिथेच सुरू होते.

'न्यूयॉर्क नेटिव्ह' हा पेपर घ्या, मला वाटतं या विषयातलं जवळजवळ सगळं या एका पेपरात सापडतं. १९८१ च्या एप्रिल-मेच्या सुमारास शहरातल्या गे लोकांत कुजबुज सुरू झाली होती की काहीतरी वेगळाच आजार फिरतोय, काहीजण आयसीयूत आहेत. लॉरेन्स मॅस हे डॉक्टर, नेटिव्हसाठी लिहायचे. त्यांनी ऐकीव गोष्ट उचलून छापली नाही आणि दाबूनही टाकली नाही, आरोग्य खात्यात काम करणाऱ्या साथरोग तज्ज्ञाला विचारलं, आणि उत्तर आलं की अफवांत फारसं तथ्य नाही. १८ मे १९८१ च्या अंकात तसंच छापून आलं, आजाराच्या अफवा बहुतांशी निराधार असा मथळा. पुढे ज्याला एड्स म्हणायला लागले त्याबद्दल वर्तमानपत्रात आलेली ही पहिली बातमी मानतात, आणि तिचा मथळा साफ चुकीचा ठरला. ५ जूनला सीडीसीने, म्हणजे साथीच्या आजारांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, लॉस एंजेलिसमधल्या ५ तरुणांच्या दुर्मिळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध केली, ३ जुलैला न्यूयॉर्क टाइम्सने ४१ गे पुरुषांमधल्या दुर्मिळ कॅन्सरची बातमी आतल्या पानावर दिली. मॅस मात्र थांबले नाहीत, जुलै संपायच्या आत त्यांचा या कॅन्सरवरचा सविस्तर लेख नेटिव्हमध्ये आला आणि नंतरही ते लिहीतच राहिले. मला हे चुकीच्या मथळ्यापेक्षा फार मोठं वाटतं. त्या दिवशी जे कळत होतं ते विचारून छापलं, नवीन कळलं तसं तेही छापलं, बातमीदारी म्हणजे दुसरं काय असतं?

मार्च १९८३ मध्ये याच पेपरात लेखक लॅरी क्रेमर यांचा प्रसिद्ध लेख आला, तोवर नोंदल्या गेलेल्या एड्सच्या १,११२ केसेसचा आकडाच त्याच्या शीर्षकात होता. त्यांनी सरकारला, डॉक्टरांना, न्यूयॉर्कच्या महापौरांना तर धरलंच, पण लपून राहणाऱ्या आणि हातपाय न हलवणाऱ्या गे पुरुषांनाही सोडलं नाही, आणि 'ॲडव्होकेट' या तेव्हाच्या मोठ्या गे मासिकालाही नाव घेऊन सुनावलं की तुम्ही या आजाराची धड दखलही घेत नाही. गे पेपरात गे मासिकाची अशी हजेरी घेतली गेली, वाचणारे चिडले, आणि तरी ते छापलं गेलं. असं काही वाचलं की मला या पेपरांचा अभिमान वाटतो.

आणि मग तोच पेपर कुठे गेला बघा. प्रकाशक चार्ल्स ऑर्टलेब यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो हे पटेना, मग आधी डुकरांना होणाऱ्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू, मग क्रॉनिक फटीग या सततच्या थकव्याच्या आजाराशी जोडलेल्या थिअऱ्या, अशा गोष्टी पेपरात येत राहिल्या. ज्या लोकांच्या आजूबाजूला मित्र मरत होते त्यांच्यासमोर हे सगळं बातमी म्हणून ठेवलं जात होतं. ॲक्ट अप या एड्सविरुद्ध लढणाऱ्या संघटनेच्या लोकांनी बहिष्कार घातला, वाचक तुटले, १९९७ मध्ये पेपर बंद पडला. सरकारवर आणि मोठ्या संस्थांवर संशय घेणं १९८३ मध्ये अगदी बरोबर होतं, पण तेव्हा संशयाच्या जोडीला तपासणं होतं, नंतर नुसता संशय राहिला.

जाहिरातींचं बोलायलाच हवं. ऐंशीच्या दशकात गे पेपरांना बाथहाउसवाल्यांच्या, म्हणजे गे पुरुष सेक्ससाठी जिथे भेटायचे त्या ठिकाणांच्या, जाहिराती मिळायच्या, एड्स पसरतोय म्हणून ऑक्टोबर १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आरोग्य संचालकांनी बाथहाउस बंद करायचा आदेश काढला, आणि त्याआधीच्या सगळ्या वादात हे पेपर एका बाजूला बातमी देत होते आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याच पैशावर छापले जात होते. बाजू कुठलीही घ्या, लोकांचं स्वातंत्र्य हा मुद्दाही खरा होता, पण आम्हाला यांच्याकडून पैसे मिळतात एवढं तरी वाचकाला सांगायला नको का? पुढे तीच जागा औषध कंपन्यांनी घेतली. एप्रिल २००१ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी खात्याने, कंपन्यांना लेखी कळवलं की एचआयव्हीच्या औषधांच्या जाहिरातीत डोंगर चढणारे पिळदार तरुण दाखवणं दिशाभूल करणारं आहे. या जाहिराती गे मासिकांतूनही येत होत्या. त्या औषधांचे साइड इफेक्ट त्याच मासिकांचे वाचक रोज सोसत होते, ही चूक दाखवायला सरकारी खातं यावं लागलं याचं मला फार वाईट वाटतं.

आपला माणूस मोठ्या पेपरात असला म्हणजे सगळं ठीक असंही नाही. रँडी शिल्ट्स १९८१ पासून सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलमध्ये उघडपणे गे म्हणून काम करत होते, एड्सची बातमीदारी त्यांनी जीव ओतून केली, बाथहाउसविरुद्ध लिहिलं म्हणून आपल्याच लोकांनी त्यांना गद्दार ठरवलं. पण त्यांच्याच १९८७ च्या पुस्तकामुळे गाएतान ड्युगा हा कॅनेडियन फ्लाइट अटेंडंट जगभर 'पेशंट झिरो', म्हणजे अमेरिकेत एड्स आणणारा पहिला रुग्ण, म्हणून बदनाम झाला. मुळात सीडीसीच्या अभ्यासात त्याच्यापुढे ओ अक्षर होतं, 'आउटसाइड' म्हणजे कॅलिफोर्नियाबाहेरचा पेशंट एवढाच त्याचा अर्थ, पुढे कुणीतरी ते शून्य असं वाचलं. ड्युगा १९८४ मध्येच गेला होता, उत्तर द्यायला नव्हता. २०१६ मध्ये जुन्या रक्ताच्या नमुन्यांच्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झालं की अमेरिकेत विषाणू त्याच्यामुळे आलेला नाही, तो १९७० च्या आसपासच तिथे पोचला होता. एका माणसाच्या नावावरचा डाग पुसायला जवळजवळ तीस वर्षं लागली.

लेस्बियन बायकांचं काय, हे मला फारसं कुणी विचारत नाही, आणि तेच दुखणं आहे. 'गे आणि लेस्बियन' असं नाव लावून आत पानंच्या पानं पुरुषांची, हे वर्षानुवर्षं चाललं. म्हणून 'द लॅडर' मला इतकं जवळचं वाटतं, ऑक्टोबर १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेलं बायकांचं मासिक. वर्गणीदार घाबरायच्या की यादी कुणाच्या हातात पडली तर नोकरी जाईल, म्हणून संपादक ॲन फर्ग्युसन यांनी लेख लिहिला की तुमचं नाव आमच्याकडे सुरक्षित आहे. आता ॲन फर्ग्युसन हे टोपणनाव होतं, फिलिस लायन यांचं. दुसऱ्यांना घाबरू नका म्हणायचं आणि आपण मात्र आडून लिहायचं हे त्यांना खटकलं, आणि काही महिन्यांतच त्यांनी मासिकातच जाहीर केलं की ॲन फर्ग्युसन मेली, मीच मारली, आणि खऱ्या नावाने लिहायला लागल्या. १९५७ साली! वाचकाशी इतका सरळ व्यवहार मी फार कमी ठिकाणी पाहिलाय.

आउटिंगबद्दलही विचारतात, म्हणजे एखाद्याला न विचारता तो गे आहे हे छापणं. मार्च १९९० मध्ये 'आउटवीक' या गे मासिकात मायकेलअँजेलो सिग्नोरिले यांनी उद्योगपती माल्कम फोर्ब्स गेल्यानंतर त्यांच्याबद्दल तसं लिहिलं आणि मोठा वाद झाला. माझं मत पक्कं आहे, आपल्याविरुद्ध कायदे करणारा नेता असेल तर ती बातमी आहे, पुरावा असेल तर छापा. बाकी कुणाच्याही आयुष्याला हात लावू नका.

आजचा त्रास वेगळा. वेबसाइटवर दहातल्या बऱ्याच बातम्या दुसऱ्याची बातमी उचलून, चार ओळी बदलून टाकलेल्या असतात, कुणाच्या तरी इन्स्टा पोस्टवर बातमी, कंपनीचं प्रेस नोट जसंच्या तसं, कुणाला फोन केलेला नाही. मग पगारी रिपोर्टर ठेवणारे पेपर कसे जगणार? 'वॉशिंग्टन ब्लेड' १९६९ पासूनचा पेपर, नोव्हेंबर २००९ मध्ये मालक कंपनी बुडाली म्हणून एका सोमवारी अचानक बंद झाला. तिथल्या माणसांनी त्याच आठवड्यात वेगळ्या नावाने अंक काढला, आणि पुढच्या वर्षी जुनं नाव परत मिळवलं.

तर ज्या आईने मला परवा विचारलं की मुलगा हे सगळं वाचतो, वाचू दे का, त्यांना मी सांगितलं की वाचू दे, तुम्हीही वाचा. बातमीत कुणाकुणाशी बोललेत ते बघा, समोरच्या बाजूला विचारलंय का ते बघा, चूक झाली तर दुरुस्ती ठळक छापतात का ते बघा, आणि बातमी औषधाची किंवा आजाराची असेल तर गे पेपरात वाचून झाल्यावर डॉक्टरला दाखवा.